आवाज थांबले, हसू परतलं नाही

स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता हा आजार घरात येतो, तेव्हा सुरुवातीचे दिवस नुसत्या धावपळीत जातात. कानात कोणीतरी बोलतंय, शेजारचे आपल्यावर करणी करताहेत, जेवणात काहीतरी घातलंय असं त्या माणसाला वाटत असतं. रात्र रात्र झोप नसते. मग कोणी देवाला नेतं, कोणी नागपूरला नेतं. गोळ्या सुरू होतात, इंजेक्शन होतं, आणि काही आठवड्यांत ते आवाज मागे पडतात. संशय निवळतो. घरातली आई म्हणते, "सुटलो बाई एकदाचे!"

आणि मग दुसरं प्रकरण सुरू होतं. त्याबद्दल तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

मुलगा आरडाओरडा करत नाही, पण खाटेवरून उठतही नाही. आंघोळीला दहादा सांगावं लागतं. एकेकाळी मासोळीचा रस्सा म्हटलं की पहिला पाटावर बसणारा, आता समोर ताट आलं तरी मुकाट्यानं चार घास खातो आणि उठतो. भुलाबाईची सगळी गाणी जिला पाठ होती, ती मुलगी दारात बायका जमल्या तरी उंबऱ्याबाहेर येत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, पेढे वाटले, तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आई विचारते, "तुला बरं नाही का वाटलं?" उत्तर येतं, "वाटलं." बस्स, एवढंच.

इथून पुढे घरात आणि गल्लीत एकच शब्द फिरायला लागतो, आळशी. "आता बरा झाला ना? मग काम काऊन नाही करत?" "आयतं खायची सवय लागली." आणि सगळ्यात घातक सल्ला, "लगन लावून द्या, आपोआप सुधारेल." म्हणजे एका परक्या मुलीच्या गळ्यात, तिला काही न सांगता, हा आजार बांधायचा.

आज या पानावर आपल्याला बोलायचंय ते या दुसऱ्या प्रकरणाबद्दल. जी गोष्ट आपण आळस समजतो, ती बहुतेक वेळा आजाराचाच एक भाग असते. आणि तिच्यावर नुसत्या गोळीनं फारसं काही होत नाही. तिला बोलणं लागतं, शरीर हलवणं लागतं आणि सोबत लागते.

डॉक्टर या आजाराची लक्षणं ढोबळमानानं दोन गटांत मांडतात. एक गट म्हणजे जे नसावं ते असणं, जसं भास आणि संशय. त्यांना धन लक्षणं म्हणतात. दुसरा गट म्हणजे जे असावं ते नसणं. बोलणं आटतं, चेहरा कोरा होतो, काही करायची ओढ उरत नाही, आनंद वाटत नाही. ही झाली ऋण लक्षणं. १९५० च्या दशकात या आजारावर पहिली परिणामकारक औषधं आली, तेव्हापासून पहिल्या गटावर बऱ्यापैकी ताबा मिळवता येतो. दुसऱ्या गटावर मात्र औषधांचा प्रभाव कमीच पडतो. कधी कधी औषधामुळेच सुस्ती येते, तर कधी सोबत नैराश्यही असतं. म्हणून पहिली पायरी अशी, की "हल्ली नुसता बसून असतो" ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालायची. आपण बहुतेकदा घालत नाही. "आता त्रास देत नाही ना?" या प्रश्नाला "नाही" म्हणतो आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन परत येतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, कमीही करायच्या नाहीत. बोलणं आणि हालचाल हे उपचार गोळ्यांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नव्हे.

पूर्वी असा समज होता, की या माणसांना आनंद जाणवतच नाही, आतलं सगळं आटूनच गेलंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये याची जरा वेगळ्या रीतीनं तपासणी केली. त्यांनी दिवसातून अनेक वेळा रुग्णांना विचारलं, आत्ता काय करता आहात, त्यात किती मजा येतेय, आणि पुढे जे करणार आहात त्यात किती मजा येईल असं वाटतं? तेव्हा असं दिसलं, की गोष्ट प्रत्यक्ष करताना त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा फारसा कमी नव्हता. कमी पडत होती ती आनंदाची वाट पाहण्याची शक्ती. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे चित्र इतकं स्वच्छ उतरलं नाही, पण ऋण लक्षणांकडे पाहायची नजर त्यानं बदलली.

आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं तर असं. सकाळी उठताना आपल्या मनात नकळत चहाचा वास येतो, म्हणून आपण पांघरूण बाजूला करतो. मंडई आठ दिवसांवर आली की आपल्या मनात आधीच पाळणा फिरायला लागतो. हे 'आधीच' त्या माणसाच्या मनात फिरत नाही. चहा हातात दिला तर तो आवडीनं पिईल, पण चहासाठी उठावं असं त्याला आतून वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस दिसतो. त्यामुळे "तुला काय करावंसं वाटतं?" या आपल्या प्रेमाच्या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा "चल, मी भाजी निवडते, तू शेंगा सोल" असं म्हणून शेजारी बसवलं, तर पाच मिनिटांनी हात चालायला लागतात.

बोलण्यातून केल्या जाणाऱ्या उपचारात हेच शिस्तीनं करतात. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या या पद्धतीचे जनक, अमेरिकेतले डॉ. ॲरन बेक, नव्वदीत पोचल्यावरही या प्रश्नावर काम करत होते. २०१२ मध्ये त्यांच्या गटानं ६० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे वर्षानुवर्षं मागे पडलेले, बरेचसे 'आता यांचं काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेले रुग्ण होते. दीड वर्ष त्यांच्याशी धीरानं बोलत राहिल्यावर, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं रोजचं वागणं-जगणं सुधारलं, मरगळही कमी झाली. या बोलण्यात उपदेश नसतो. 'मला जमणारच नाही', 'करून काय फायदा', 'लोक हसतील' या मनात घट्ट बसलेल्या वाक्यांना हळूहळू तपासून पाहायचं असतं. उदाहरणार्थ, बाजारापर्यंत चालत जायचं ठरवलं. निघण्याआधी विचारायचं, यात दहापैकी किती मजा येईल? तो म्हणतो, एक. आल्यावर पुन्हा विचारायचं. तो म्हणतो, चार. हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवायचे. आठ दिवसांनी पुन्हा 'एक' म्हणाला, की ती वही दाखवायची. त्याचं मन जे साठवून ठेवत नाही, ते वही साठवते. फोटोही याच कामाला येतात.

हालचालीचा उपचारही असाच साधा दिसतो. आठ-दहा माणसं गोल करून उभी राहतात. पाय जमिनीला कसे टेकलेत ते जाणवू द्यायचं. श्वास मोजायचा. एकानं हात वर केला की समोरच्यानं आरशासारखा वर करायचा. चेंडू फेकताना ज्याच्याकडे फेकतो त्याचं नाव घ्यायचं. टाळीचा ठेका धरायचा, तो एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायचा. शेवटी खाली बसून, आज शरीराला काय वाटलं, हे ज्याला जमेल त्यानं दोन शब्दांत सांगायचं. इथे नाच येण्याची गरज नाही. या आजारात माणूस आपल्याच शरीरापासून तुटल्यासारखा होतो, आणि ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला हाताच्या हालचालीतून दुसऱ्याशी जोडता येतं, एवढाच त्यामागचा विचार.

याचा गुण किती येतो? इथे आपण प्रामाणिक राहू या, कारण खोट्या आशेनं आपल्या घरांचं फार नुकसान झालंय. लंडनमध्ये २००६ साली ४५ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात अशा शरीरकेंद्री उपचाराचा चांगला परिणाम दिसला. मग ब्रिटनमध्येच २७५ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. दहा आठवड्यांत वीस बैठका, एका गटाला हा उपचार, दुसऱ्याला पिलाटीस नावाचा साधा व्यायाम. २०१६ मध्ये निकाल आला, तेव्हा ऋण लक्षणांच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. दुसरीकडे आपल्याच देशात, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं ६१ रुग्णांना चार महिने औषधांच्या जोडीला योगासनं किंवा शारीरिक व्यायाम दिला. २००७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात योगासनांच्या गटाची ऋण लक्षणं जास्त कमी झाली होती.

या सगळ्याचा अर्थ इतकाच, की जादू कशातच नाही. दहा आठवड्यांत कोरा चेहरा खुलेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल. पण माणूस घराबाहेर पडतो, चार जणांत उभा राहतो, त्याचा घाम निघतो, त्याला कोणी नावानं हाक मारतं, ही गोष्ट सोडून देण्याइतकी छोटी नाही. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. डोळे मिटून तासन् तास ध्यानाला बसवणं यात येत नाही. त्यानं काहींचा त्रास वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नका.

आणखी एक फरक आपल्या भागात सांगायलाच हवा. अंगात येणं, मांत्रिकापुढे घुमणं, धुरात कोंडून झोडपणं याला कोणी 'हालचालीचा उपचार' म्हणू नये. इथे माणसाचं शरीर त्याच्याच विरोधात वापरलं जातं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. खऱ्या उपचारात जबरदस्ती नसते. 'आज मला फक्त बसून पाहायचंय' असं म्हणायचीही तिथे मुभा असते.

महाराष्ट्रात या विचाराची पायवाट पाडणारी माणसं होऊन गेलीत, आणि त्यातली काही स्वतःच्या घरातल्या दुःखातून उभी राहिली. मूळचे धुळे भागातले, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे त्यातलं मोठं नाव. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. घरात जे सोसलं ते त्यांनी लपवलं नाही. पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट घडला, त्यामागेही वाणींचीच धडपड होती. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला त्यातला शेष आणि त्याला सांभाळणारी सोनाली कुलकर्णींची बहीण आपल्यापैकी अनेकींना आठवत असतील. सांभाळणाऱ्या बाईची ओढाताण मराठी पडद्यावर इतक्या जवळून क्वचितच आली असेल.

याच चळवळीनं मराठीला दोन सुंदर शब्द दिले. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेतही शुभार्थींसाठी काम, कला आणि गप्पा यांची सांगड घालणारे उपक्रम चालत आलेत. पुण्यातच भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टनं वस्त्यांमधल्या लोकांसाठी श्वास, संगीत, चित्रं आणि हालचाल यांचा वापर केला. म्हणजे हे उपचार काही फक्त परदेशातले किंवा बंगल्यातल्या लोकांचे नाहीत.

पण ही सगळी नावं पुण्या-ठाण्याची. मग खेड्यात काय? याचंही थोडं उत्तर हाताशी आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथे मिळून स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्ते केलं गेलं. ते घरी जायचे, आजार समजावून सांगायचे, गोळ्यांची आठवण द्यायचे, रोजच्या कामात पुन्हा हात घालायला मदत करायचे. वर्षभरानंतर, फक्त दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा या लोकांची स्थिती थोडी अधिक सुधारली होती. तामिळनाडूच्या ग्रामीण भागात हा फायदा जास्त ठळक दिसला. फायदा माफकच, पण जिथे मानसोपचारतज्ज्ञ सहज भेटत नाहीत तिथे माफक फायद्यालाही किंमत असते.

आता आपल्या भंडाऱ्याकडे या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. हाच हिशेब इथे लावला तर आपल्या सात तालुक्यांत मिळून चारेक हजार शुभार्थी असावेत. आणि प्रत्येकामागे किमान एक शुभंकर. ती बहुतेक घरांत बाईच असते. आई असते, बायको असते, माहेरी परत आलेल्या मुलीची वहिनी असते. बाईला स्वतःलाच हा आजार झाला तर गोष्ट आणखी अवघड. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो सरासरीनं काही वर्षं उशिरा दिसू लागतो, म्हणजे अनेकदा लग्नानंतर, बाळंतपणानंतर. मग "फसवून पोरगी दिली" म्हणून तिला माहेरी आणून सोडतात. तिथे ती चूल पेटवते, भांडी घासते, म्हणून कोणाला ती आजारी वाटतच नाही. तिचं हसणं कधी थांबलं, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेतच मानसोपचारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार समाजसेवक आणि परिचारिका धरलेल्या आहेत. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करून बोलता येतं, ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. शुभार्थी "जगून काय करू" असं बोलू लागला, तर वाट न पाहता इथे किंवा थेट रुग्णालयात जायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

आणि आपल्या झाडीपट्टीजवळ आणखी एक ठेवा आहे. दिवाळीनंतरची मंडई, दंडारीचा ठेका, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, बायकांचं भजन, बांधीत ओळीनं वाकून होणारी रोवणी. एकमेकांच्या तालावर हलणं ही आपल्याला शिकवावी लागणारी गोष्ट नाही. याला मी उपचार म्हणणार नाही. रात्रभराच्या गर्दी-गोंगाटात शुभार्थीला एकदम नेऊन बसवूही नका. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला अर्धा तास मागच्या रांगेत, भजनात टाळ धरून, रोवणीत ओळखीच्या दोन बायकांच्या मध्ये उभं राहायला जागा देणं आपल्याच हातात आहे. आजार कळल्यापासून आपण त्याला नेमकं याच सगळ्यातून बाहेर काढलेलं असतं. पत्रिका वाटताना त्याचं नाव गाळतो, हळदी-कुंकवाला तिला आत बसवतो. आजारानं आनंदाची ओढ नेली हे खरं, पण आनंदाच्या जागा आपण नेल्या.

घरात बोलण्याची रीतही बदलावी लागेल. सतत टोचून बोलणं, उणंदुणं काढणं जिथे जास्त, तिथे हा आजार पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. "एवढंही होत नाही का तुझ्याच्यानं" याऐवजी "आज अंगण झाडलंस, छान झालं" हे एक वाक्य. काम लहान, वेळ ठरलेली आणि शेजारी कोणीतरी. पण हे लिहिताना एक भीतीही वाटते, की पुन्हा सगळा भार शुभंकर बाईच्याच डोक्यावर टाकला जाईल. सहनशील रहा, गोड बोल, वही लिही, बाजारात ने, आणि स्वयंपाकही वेळेवर कर! तिनं आठवड्यातून एक दुपार स्वतःसाठी मागितली तर ती चैन नाही. घरातल्या पुरुषांनी, भावंडांनी तो वेळ वाटून घ्यायला हवा.

आणि घराबाहेरच्या यंत्रणेकडेही मागणी करायला हवी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा नुसत्या गोळ्यांबद्दल बोलत नाही. कुटुंबाला आधार, घरी आणि समाजात राहून पुनर्वसन, हेही सेवांमध्ये असावं असं तो सांगतो. मग आपण ग्रामसभेत, आमदारांपुढे, आरोग्य खात्यापुढे साधी गोष्ट मागू या. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस, दोन तास, शुभार्थींची एक बैठक. त्यात थोडी हालचाल, थोडं बोलणं. शेजारच्या खोलीत शुभंकरांना एकमेकींशी बोलायला जागा. यासाठी मोठी इमारत लागत नाही, समाजमंदिर पुरतं. प्रशिक्षित माणूस मात्र लागतो, आणि तो नेमणं हे सरकारचं काम आहे. कार्यक्रमातली पदं कागदावर असून भागत नाही, ती भरलेली हवीत. साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवून, बसचं भाडं भरून जिल्ह्याला यावं आणि पाच मिनिटांत गोळ्यांचं पाकीट घेऊन परतावं, याला पूर्ण उपचार म्हणता येणार नाही.

आपल्या बचत गटात कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब झाला, की पुढच्या बैठकीत हा विषय काढून पाहा. "आमच्या घरी असं आहे" म्हणणारी एक तरी निघेलच. ती बोलली, की दुसरीला बोलता येईल. मग दोघी मिळून आशाताईंकडे जातील, चौघी मिळून आरोग्य केंद्रात जातील. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी "आता त्रास देत नाही ना?" असं विचारलं, की सांगा, "नाही डॉक्टर, त्रास देत नाही. पण तो हसत नाही. त्याचं काय करायचं, ते आज सांगा."